गंगुबाईंची तोंडी संमती

माणसाने एकदा मेल्यावर दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालू नये, एवढी साधी रीत शैलाबाईंच्या सासूबाईंना कळत नव्हती. जिवंतपणी कळली नाही ते एक वेळ सोडून देऊ. घर त्यांचं, सून कोवळी, बोलणारच. पण ज्यांना जाऊन बावीस वर्षं झाली, ज्यांच्या बाराव्याचं जेवण शैलाबाईंनी कंबर मोडेपर्यंत अख्ख्या चाळीला वाढलं, ज्यांचं पान पितृपक्षात एकदाही चुकलं नाही, त्या गंगुबाई धुरींनी भर दुपारी, परक्या शिकलेल्या माणसांसमोर, सुनेचं वाक्य अर्ध्यावर तोडून "खोटा!" म्हणावं? शैलाबाईंचे यजमान तात्या आईच्या पाठोपाठ गेले. पण ते गेले ते गेले. फोटोत बसले, हार घालून घेतला, पुन्हा हूं की चूं केलं नाही. पोटच्या मुलाला जे जमलं ते आईला जमू नये, याला काय म्हणायचं?

या प्रकरणाची सुरुवात, काळाचौकीच्या भिकोबा चाळीतल्या बहुतेक प्रकरणांसारखी, शरच्चंद्र कारेकरांनी केली. कारेकर एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. तरी रोज सकाळी इस्त्रीची पँट घालून गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला "काय काम आहे?" असं विचारायचे. चाळ पाडून टॉवर व्हायचा हे नक्की झालं आणि त्यांच्या खुर्चीसमोरची रांग वाढली. बिल्डरची माणसं, बँकेची माणसं, पॅकर्स-मूव्हर्सची पोरं. त्यातच एक दिवस श्रेया मॅडम आल्या.

मॅडम गिरगावच्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, बोलणं अगदी पुस्तकातलं. कारेकरांनी त्यांना थेट शैलाबाईंच्या दारात आणून उभं केलं आणि म्हणाले, "वहिनी, या संशोधन करतात. चाळीवर."

"करू देत की," शैलाबाई म्हणाल्या, "चाळ पडायच्या आत करा म्हणजे झालं."

"काकू, आमचं संशोधन एका विषयाचं नाही," मॅडम खाली सतरंजीवरच बसत म्हणाल्या. हे शैलाबाईंना आवडलं. "समाजशास्त्र, इतिहास, वास्तुरचना, आवाज, वास, सगळे विषय आपापल्या भिंती पाडून एकत्र येतात."

"म्हणजे एकट्यादुकट्याला जमत नाही म्हणून सगळे मिळून करता."

मॅडमना हसू आलं. "हो," त्या म्हणाल्या, "तसंच म्हणा. आणि मुख्य म्हणजे आम्ही तुमच्यावर अभ्यास करणार नाही, तुमच्याबरोबर करणार. इथे राहिलेल्या माणसाला जे ठाऊक आहे ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून तुम्हीसुद्धा संशोधक. सहसंशोधक."

शैलाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. धाकट्या भावाचा पाळणा हलवायला घरात कोणी नव्हतं म्हणून. त्यानंतर त्यांना आयुष्यात पुष्कळ नावं मिळाली. सून, वहिनी, खाणावळवाली, आजी, आणि पाठीमागे काही न सांगण्यासारखी. पण 'सहसंशोधक' हे सगळ्यांत वजनदार होतं. त्यांनी मॅडमना चहाबरोबर चकली दिली, आणि कारेकरांनाही दिली. एरवी कारेकरांना नुसता चहा मिळायचा.

योजना अशी होती. भिकोबा चाळीतली एक खोली निवडायची, ती जशी होती तशी आधी जागच्या जागी मांडायची, मोजायची, ऐकायची, हुंगायची, आणि मग तिच्यातलं सामान उचलून दादरच्या एका दालनात हुबेहूब तशीच खोली उभी करायची. दालनातल्या दाराशी पितळेची पाटी. पाटीवर खोली कोणाची ते नाव.

शैलाबाई ते ऐकत होत्या आणि त्यांचा हात चकलीच्या डब्यातच राहिला.

कारण निवडलेली खोली त्यांचीच होती, आणि तिला आजही सगळी चाळ 'गंगुबाईची खोली' म्हणायची. पोस्टमन म्हणायचा, गॅसवाला म्हणायचा, मंडळाची वर्गणी मागणारी कालची पोरं, ज्यांनी गंगुबाईंना पाहिलंही नव्हतं, तीसुद्धा म्हणायची. याच खोलीत शैलाबाईंनी गिरण्यांतल्या माणसांची पोटं भरली, नवऱ्याचं आजारपण काढलं, राजेशला लहानाचा मोठा केला, त्याच्यासाठी रुपालीसारखी सून आणली. एवढं करून नाव सासूचंच. टॉवरमध्ये तर आकडे असतात, नावं कोण विचारतो? तेव्हा निदान एका पाटीवर, एका दालनात का होईना, ही खोली शैला धुरीची आहे असं कोरलेलं दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मागून घेतलेल्या मानाला त्या मान समजत नसत.

मग सगळे विषय घरात आले. इतिहासवाला आला, तो भिंतीवरच्या खिळ्यांचेसुद्धा फोटो काढी. मापवाली आली, तिच्याकडे लाल ठिपका सोडणारं यंत्र होतं. वासवाला आला, तो डोळे मिटून कोपऱ्याकोपऱ्यात नाक घेऊन उभा राही, आणि सून रुपालीला त्याची भारी लाज वाटे, कारण तिचा ऑफिसचा उष्टा डबा त्याच कोपऱ्यात असे. आणि विनीत आला, आवाजाचा. तो फार बोलत नसे. कानावर हेडफोन लावून रिकाम्या खोलीचा आवाज टिपत बसे. "रिकाम्या खोलीला कसला आवाज?" असं शैलाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "प्रत्येक खोलीचा वेगळा असतो, आजी." शैलाबाईंनी मान हलवली. शिकलेल्या माणसाचं खूळ लगेच हसण्यावारी नेऊ नये, चार दिवस थांबून न्यावं.

"इथे काय होतं?" श्रेया मॅडमनी खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"सासूबाईंची खाट."

ती खाट जिन्याखाली मंडळाच्या बांबूंच्या मागे उभी करून ठेवलेली होती. जुनी शिसवी, नवारीच्या पट्ट्यांनी विणलेली. चौघांनी ती वर आणली, धूळ झटकली, नवार ताणली. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शैलाबाईंच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, गेलेल्या माणसाची खाट पुन्हा त्याच जागी, त्याच तोंडाने मांडत नाहीत. जिन्याखाली ठेवा, गावाला पाठवा, कोणाला द्या. मांडायचीच वेळ आली तर तोंड फिरवून मांडा. आणि काही झालं तरी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवू नका. खाट मांडली तर ती नुसती खाट. तांब्या ठेवला की ते बोलावणं.

शैलाबाईंना हे पाठ होतं. खाट त्यांनी आडवीच घातली होती. पण मापवालीने जुन्या फोटोवरून तिचं तोंड बरोबर करून दिलं, आणि मॅडम पेन उचलून म्हणाल्या, "आणि उशाशी? उशाशी काही असायचं का?"

शैलाबाई ताणलेली नवार उगीच पुन्हा ताणू लागल्या. तेवढ्यात दारात उभे असलेले कारेकर खाकरले. "उशाशी ना," ते म्हणाले, "मला आठवतं त्याप्रमाणे..."

शैलाबाईंच्या घरातल्या गोष्टी कारेकरांनी सांगायच्या? सहसंशोधक कोण?

"तांब्या असायचा," शैलाबाई ताडकन म्हणाल्या, आणि नुसतं सांगून थांबल्या नाहीत. पितळी तांब्या काढला, चिंचेने घासला, पाण्याने भरला आणि उशाशी नेऊन ठेवला. ठेवताना त्यांच्या हातावरचे केस उभे राहिले. पण सगळे विषय कौतुकाने बघत होते, तेव्हा हात मागे कसा घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी मापवालीचं यंत्र बिघडलं. म्हणजे असं तिला वाटलं. दारातून सोडलेला लाल ठिपका खिडकीखालच्या भिंतीवर पडायला हवा, तो पडेना. भिंतीच्या बराच अलीकडे, खाटेच्या वर, जिथे बसलेल्या माणसाचा खांदा येईल तिथे हवेतच तो अडकून राहिला होता. मापवालीने यंत्र झटकलं, बॅटरी बदलली, काच पुसली. ठिपका तिथेच. मग तो जरासा हलला, जसं कोणी पाठीला रग लागली म्हणून बूड सरकवावं तसा. मापवालीने त्या दिवशी माप घेतलं नाही. डोकं दुखतं म्हणाली.

वासवाल्याने कागदावर 'मिश्री' असं लिहिलं. "घरात कोण लावतं?" त्याने विचारलं. तंबाखू भाजून केलेली ती काळी मिश्री दातांना चोळायची सवय या घरात एकाच माणसाला होती. शैलाबाईंनी तात्यांच्या फोटोकडे पाहिलं. तात्यांनी नेहमीप्रमाणे आईच्या बाबतीत काही बोलायचं टाळलं.

तांब्यातलं पाणी रोज थोडं उतरायचं. नवार मध्ये खोलगट व्हायची, संध्याकाळी ताणली तरी सकाळी पुन्हा. रुपाली ऑफिसातून आली आणि म्हणाली, "मम्मी, खाटेवर मी वाळलेले कपडे टाकले होते, त्यांच्या घड्या तुम्ही घातल्या?"

"मी नाही. कशा आहेत घड्या?"

"बारीक. पार रुमालाएवढ्या."

"अगं बाई," शैलाबाई म्हणाल्या, "मग त्याच."

रुपालीला आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा ती तशीच माहेरी, चिंचपोकळीला, निघून गेली, आणि राजेश तिला समजवायला म्हणून मागोमाग गेला तो तिथेच जेवून राहिला. शैलाबाई राहिल्या. घर सोडून जायला त्यांचं काय अडलं होतं? त्यांनी काही केलेलं नव्हतं. घरात आगंतुक आलेल्या माणसाने जावं, की घरच्या माणसाने?

मग मुलाखत झाली. शैलाबाईंनी नवी साडी नेसली. विनीतने माइक त्यांच्यासमोर ठेवला आणि मॅडमनी विचारलं, "संपाच्या दिवसांतली खाणावळ कशी होती?"

शैलाबाई मनापासून बोलल्या. गिरण्या बंद पडल्या, गावाहून एकटे आलेले पुरुष उपाशी बसू लागले, तेव्हा त्यांनी मोठ्या टोपात पेज चढवली आणि गॅलरीत पंगत बसवली, हे त्यांनी टोपाचा आकार हातांनी दाखवत सांगितलं. बोलून झाल्यावर विनीतने हेडफोन काढला. चेहरा उतरलेला. "आजी," तो म्हणाला, "तुमच्याशिवाय इथे कोण बोललं?"

"कोण बोलणार? कारेकरसुद्धा गप्प होते."

त्याने रेकॉर्डिंग लावलं. शैलाबाईंचा आवाज आला, 'मी मोठ्या टोपात पेज चढवली...' आणि त्याच्यावर, अगदी माइकच्या जवळून, दाताखाली काहीतरी असल्यासारखा एक घोगरा आवाज: "खोटा! पेज माझी. हिना नुसती ढवळल्यान."

पंखा फिरत होता. खिडकीबाहेर कोणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. खोलीत सगळे विषय एकमेकांना चिकटून बसले. इतके जवळ ते कुठल्या परिषदेतसुद्धा आले नसतील. शैलाबाईंच्या मणक्यातून बर्फाचा खडा उतरत गेला. त्या आवाजाला त्या चुकणं शक्यच नव्हतं. सासूबाई सावंतवाडीकडच्या, शैलाबाई राजापूरच्या. 'तुझी भाषा पानचट' असं म्हणून म्हणून सासूबाईंनी त्यांचं मालवणी बोलणंच बंद पाडलं होतं.

पण भीती कंबरेपर्यंत उतरली आणि तिथे तिचा राग झाला.

"नुसती?" शैलाबाई उठून उभ्या राहिल्या. "नुसती ढवळली? अहो, तो टोप केवढा होता! खांदा निखळायची वेळ यायची!"

श्रेया मॅडमचे ओठ पांढरे झाले होते, पण डोळे लकाकत होते. "काकू," त्या हळूच म्हणाल्या, "हे फार मोलाचं आहे. एकाच घटनेची दोन कथनं. दुसरा आवाजही ऐकायला हवा."

"दुसरा आवाज मी जन्मभर ऐकला आहे!"

पण तेव्हापासून रोज तेच. शैलाबाई बोलायच्या तेव्हा खोलीत काही ऐकू येत नसे. मागाहून रेकॉर्डिंग लावलं की वाक्यावाक्याला दुरुस्ती. लग्नात आपण गोऱ्या होतो असं त्यांनी सांगितलं, तर "सावळी." तिखटाचा मसाला आपण सुधारला म्हटलं, तर "बिघडवल्यान." म्हणजे तोंडावर बोलायचं नाही, पाठीमागे बोलायचं, आणि तेही सगळ्यांनी पुन्हा पुन्हा ऐकावं म्हणून मशीनमध्ये. शैलाबाई रात्रीच्या जेवणाला बसल्या की खाटेकडे पाठ करून बसू लागल्या. पाठीवर नजर जाणवायची. जाणवू दे, त्या म्हणायच्या, पाठच बघा.

चाळ सल्ले द्यायला टपलेली होतीच. शेजारच्या सीमाने दाराला बांधायला लिंबू-मिरची आणली. शैलाबाई म्हणाल्या, "अगं, ते बाहेरच्यांना अडवायला असतं. आत आहे तिला काय, सरबत करून देऊ?" कोणी म्हणालं गावाला जाऊन देवाला गाऱ्हाणं घाला. कोणी म्हणालं तांब्या उचला. तांब्या उचलून पाहिला होता. तो सकाळी पुन्हा उशाशी, आणि भरलेला. उतरतं ते पाणी कोण पितं हे एक वेळ कळलं होतं, पण भरतं कोण?

कारेकरांचा सल्ला सगळ्यांत सविस्तर होता. "वहिनी, घाबरू नका. नीट विचार करा. नियमाप्रमाणे राहत्या माणसांवर जागा मिळते. त्या राहतायत हे आता संशोधनाने सिद्ध झालं आहे. आपण अर्ज टाकू. स्वतंत्र फ्लॅट."

"सासूला फ्लॅट?"

"नावावर. राहायला तुमच्याचकडे."

"त्यातच तर सगळं दुखणं आहे, भाऊजी."

आणि नेमका दुसऱ्या दिवशी बिल्डरचा सर्व्हेवाला आला. रुपाली आणि राजेशही त्या दिवसापुरते आले होते, कारण घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो लागत होता. तिघं ओळीने उभी राहिली, खाटेपासून जमेल तितकी लांब. सर्व्हेवाल्याने टॅब वर धरला. टॅबमध्ये चेहरे ओळखणारे पिवळे चौकोन उमटले. राजेशच्या तोंडाभोवती एक, रुपालीच्या एक, शैलाबाईंच्या एक. आणि एक खाटेवर, हवेभोवती. बसलेल्या माणसाच्या उंचीवर. जरा कलता.

सर्व्हेवाला बिचारा दिवसभरात खूप घरं फिरलेला. त्याने मान वर न करताच सांगितलं, "बसलेल्या आजींना जरा इकडे बघायला सांगा."

चौकोन सरळ झाला.

"थँक्यू," सर्व्हेवाला म्हणाला आणि पुढच्या खोलीत गेला. रुपाली तिथून निघाली ती या वेळी बॅग भरूनच.

आता विद्यापीठाची एक समिती असते, संशोधनात नीतिमत्ता सांभाळली जाते की नाही हे बघणारी. जिचा आवाज घेतला तिची संमती घेतली का, असं समितीने विचारलं. श्रेया मॅडम पेचात पडल्या. मृत्यूचा दाखला जोडावा, तर समिती विचारणार की मुलाखत कशी झाली. न जोडावा, तर विचारणार की सही कुठे आहे. कारेकरांच्या अंगात विशीतलं बळ आलं. त्यांनी स्वतः मजकूर सांगितला: 'सदर व्यक्ती मयत असून सध्या बोलत आहे, तरी योग्य तो आदेश व्हावा.' समितीत यावर बरीच चर्चा झाली म्हणे. शेवटी उत्तर आलं की अपवादात्मक परिस्थितीत तोंडी संमती चालेल, मात्र ती रेकॉर्डवर हवी.

म्हणून एका तिन्हीसांजेला, देवापुढे दिवा लावून झाल्यावर, सगळे विषय खाटेसमोर मांडी घालून बसले. कोणी खोलीतला दिवा लावला नाही. विनीतने माइक उशाकडे वळवला. श्रेया मॅडमनी रिकाम्या खाटेकडे बघून, आवाज जमेल तितका सरळ ठेवत, विचारलं, "गंगुबाई, तुमचं बोलणं संशोधनात वापरायला तुमची संमती आहे का?"

नवार करकरली. देवापुढची ज्योत, खिडकी बंद असून, खाटेच्या बाजूला वाकली. विनीतने सगळ्यांना ऐकू जाईल असं लावलं. आधी बराच वेळ नुसती खरखर, मग मिश्री चोळून बाजूला थुंकल्याचा आवाज, आणि मग: "माझा नाव होया. पाटयेर. गंगुबाई धुरी. दुसऱ्या कोणाचा नाय."

शैलाबाईंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खाली पाहिलं.

"काकू," त्या चाचरत म्हणाल्या, "संमतीची अट आहे. आणि... दालनात त्यांचा आवाज असेल तर..."

"घाला," शैलाबाई म्हणाल्या. "घाला तिचं नाव. आणि ते सहसंशोधकपद पण तिलाच देऊन टाका. मला काय करायचंय? माझी दुसरीच झाली आहे. त्यांची तेवढीही नाही, म्हणजे तुमच्या हिशेबात त्या माझ्याहून वरचढ असतील!"

त्या दिवसापासून शैलाबाई बोलायच्या थांबल्या. दुधवाल्याशी, सीमाशी बोलायच्या. पण खाट असलेल्या खोलीत एक अक्षर नाही. भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायच्या, आणि ज्यांनी शैलाबाईंना भांडी ठेवताना ऐकलं आहे त्यांना यातलं गांभीर्य कळेल. विनीत रोज रेकॉर्डिंग लावी. मॅडम रोज खाटेला प्रश्न विचारीत. गंगुबाई, लग्न होऊन मुंबईत आलात तेव्हा? गंगुबाई, गिरणीत किती वर्षं? काही नाही. पंख्याचा आवाज, खालच्या गल्लीतला हॉर्न. इतिहासवाल्याने मालवणी शिकून विचारून पाहिलं. नाही. तांब्यातलं पाणी काठोकाठ तसंच.

शेवटी मॅडम आडोशापलीकडच्या स्वयंपाकाच्या ओट्याशी आल्या. "काकू, तुम्ही काहीतरी बोला ना. चुकीचं बोललात तरी चालेल. चुकीचंच बोला."

"चुकीचं बोलायला तुम्ही इतके विषय आहात की," शैलाबाई म्हणाल्या आणि कढईवर झाकण ठेवलं. हळू.

मॅडम गेल्यावर दुपारी त्या एकट्या होत्या. कोथिंबीर निवडता निवडता त्यांनी सहज वर पाहिलं. खाटेची नवार नेहमी मधोमध खोल जायची. आज ती कडेला वाकली होती, ओट्याच्या बाजूला. अगदी कडेला. एखादं माणूस काठावर येऊन, मान पुढे काढून, आत चाललंय तरी काय ते बघत असावं तशी. शैलाबाईंनी बघूनही न बघितल्यासारखं केलं. पण त्यांच्या हातातली कोथिंबीर पुष्कळ वेळ तीच राहिली.

सामान न्यायचा दिवस उजाडला. खाली टेम्पो लागला. पाटी तयार होऊन आली होती, कागदात गुंडाळलेली; कारेकरांनी कागद सोडून सगळ्या गॅलरीला दाखवली. 'गंगुबाई धुरी यांची खोली.' पितळ लखलखत होतं. शैलाबाईंनी एकदा पाहिलं आणि पुन्हा आत गेल्या. फडताळ गेलं, टोप गेला, पाटा-वरवंटा गेला. मग हमाल खाटेला लागले. दोघांनी उचलली. हलेना. चौघं लागले. पाय जमिनीत रोवल्यासारखे. "काकी, इसमें क्या भरा है?" म्होरक्या कपाळाचा घाम पुसत म्हणाला. सगळ्यांनी मिळून जोर लावला तेव्हा खाट उचलली गेली नाही, पण तिच्या पायांखालच्या लाद्या तडकल्या, आणि नवारीवर कोणीतरी आणखी घट्ट बसल्यासारखा करकर आवाज झाला. हमालांनी हात सोडले. त्यातला एक जिन्याकडे बघू लागला.

गॅलरीतून सल्ले सुरू झाले. कारेकर म्हणाले पंचनामा करा. सीमा म्हणाली नारळ फोडा. मापवाली म्हणाली खाट सुटी करू, पण करवत हातात धरायला कोणी तयार होईना.

शैलाबाईंनी पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या. "सगळे बाहेर व्हा," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुम्हीपण. विनीत, तू थांब. ते कानातलं लाव. मला जे ऐकू येत नाही ते तू सांगायचंस, आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाहीस."

दार लोटलं. शैलाबाई खाटेसमोर, कंबरेवर हात ठेवून, उभ्या राहिल्या.

"आई," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी त्या खोलीत त्यांचा आवाज आला. भिंतींनी तो जरा जास्तच मोठा करून परत दिला. "नाव मागितलंत, मिळालं. पितळेचं. आता का अडून बसलात? मोठं दालन आहे. एसी आहे. शाळेची पोरं रांग लावून बघायला येतील."

विनीतने हेडफोन कानांवर दाबून धरला. "त्या म्हणतायत," तो घसा साफ करून म्हणाला, "'थंय माझ्याशी भांडतला कोण?'"

बाहेर गॅलरीत टाचणी पडली असती तरी कारेकरांना ऐकू गेली असती, इतकी शांतता होती. शैलाबाईंनी कंबरेवरचे हात खाली घेतले. खिडकीखाली, जिथे कोणीच नव्हतं, तिथे त्या बघत राहिल्या.

"बरं," मग त्या म्हणाल्या. "मग ऐका, आणि या वेळी मी सांगते ते पुरं ऐका. दोन्ही मिळायचं नाही. पाटी हवी तर टेम्पोत बसा आणि त्या पोरांशी भांडा. भांडण माझ्याशी हवं असेल, तर पाटीवर नाव माझं."

विनीत वाट बघत राहिला. मग त्याने भुवया वर केल्या. "त्या काही बोलत नाहीयेत. नुसता... श्वास सोडला."

"म्हणजे कबूल. पाटी सोडली," शैलाबाई म्हणाल्या. "त्यांचं कबूल म्हणणं असंच असायचं." आणि आवाज चढवून, गॅलरीला ऐकू जाईल असं, खाटेला म्हणाल्या, "आता माझा निकाल. दालनात ठेवायला मॅडमना दुसरी खाट मिळेल, बघणाऱ्यांना काही कळत नाही. पाटी वितळवून नवी करतील, शैला धुरीच्या नावाची. तुमची खाट माझ्याबरोबर, आधी भाड्याच्या घरात, मग टॉवरमध्ये. रुपाली घरात असेल तेव्हा चौकोनात यायचं नाही. मला काय खोटं पाडायचं ते पाडा, पण मशीनमध्ये नाही, माझ्या तोंडावर, आणि माझं वाक्य संपल्यावर. आता उठा आई, माणसं खोळंबलीत."